म्हातारीच्या नंबराच्या सात कुंड्या

निवडुंगही मरतो, हे लोकांना पटवण्यात माझ्या नोकरीतला निम्मा वेळ गेला. मंडळाच्या गणपतीत कोणी नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "आपण कुठल्या कंपनीत?" मी सांगायचो, कंपनीत नाही, एका वनस्पती-उद्यानात आहे, दुर्मिळ निवडुंग सांभाळतो. मग समोरचे गृहस्थ मला जरा निरखून बघायचे आणि हळूच विचारायचे, "म्हणजे वहिनी आयटीत आहेत का?"

वहिनी आयटीतच होत्या. शुभदाच्या नोकरीमुळे २००१ साली आम्ही दक्षिण फ्लोरिडात आलो. ती सॉफ्टवेअर टेस्टर, मी तिच्यावर अवलंबून असलेला नवरा. व्हिसावर तसं छापलेलंच होतं. अकोल्याला कृषी विद्यापीठात मी कपाशीच्या वाणांवर दहा वर्षं काम केलं होतं. इथं पगारी काम करायची परवानगी नव्हती. घरी बसून आमटीला चव येईना, म्हणून जवळच्या उद्यानात फुकटचा स्वयंसेवक म्हणून जाऊ लागलो. तण काढायचं, कुंड्या धुवायच्या, नळ्या गुंडाळायच्या. तीन वर्षांनी वर्क परमिट आलं आणि त्याच बागेनं मला दुर्मिळ झाडांच्या रोपवाटिकेत कामाला घेतलं. तिथली प्रमुख कॅरल, साठीच्या घरातली, उंच, कमी बोलणारी बाई. पहिले सहा महिने मी तिला मॅडम म्हणत होतो. शेवटी ती म्हणाली, "मॅडम म्हटलं की मला वाटतं, माझ्यामागे कोणीतरी उभं आहे." तेव्हापासून कॅरल.

आमच्या वऱ्हाडात निवडुंग म्हणजे बांधावरचं कुंपण. फड्या निवडुंग तोडून तोडून माणसं थकतात, तो थकत नाही. अशा मुलखातून आलेल्या माणसाला निवडुंगाच्या सेवेला लावणं हा दैवाचा विनोदच होता. मंडळातल्या पेडणेकर काकू, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, मला म्हणाल्या होत्या, "अरे विलास, आमच्याकडे ते दारात सुद्धा कोणी लावत नाही, आणि तू त्याला छत्री धरून उभा राहतोस?" नंतर त्याच काकू एकदा बाग बघायला आल्या, एका कुंडीपाशी बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "एक फांदी दे ना रे. मी ओल्या रुमालात गुंडाळून नेते, कोणाला कळणार नाही." त्यांना नाही म्हणताना मला घाम फुटला. आपल्यात मागितलेली फांदी कोणी नाकारत नाही. पण ही झाडं कायद्यानं संरक्षित, पानही बाहेर द्यायचं नाही. काकू आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

तर हे निवडुंग राहतात कुठे, ते सांगतो. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला समुद्रात बेटांची एक लांबलचक रांग आहे. बेटं म्हणजे जुन्या प्रवाळांचा सच्छिद्र दगड, आणि त्याच्या खळग्यांत साठलेली पसाभर माती. समुद्रापासून उंची म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी माणसाच्या कमरेइतकीसुद्धा नाही. त्या दगडातून दाट झाडी उगवते आणि त्या झाडीत हा झाडासारखा वाढणारा निवडुंग. चक्क खोड, वर फांद्या, दोन-दोन पुरुष उंच. फूल रात्री उमलतं आणि त्याला लसणाचा वास येतो. मी पहिल्यांदा वास घेतला तेव्हा आईच्या हातची चटणी आठवली, आणि मग कॅरलला चटणी म्हणजे काय ते समजावत बसलो.

याचे वैरी मोजायला बसलं तर यादी लांबते. बेटांवर जागा थोडी आणि समुद्राकाठी घर हवं असणारी माणसं फार. एका गृहस्थांनी पोहण्याच्या तलावासाठी झाडी काढली आणि आम्ही गेलो तर म्हणाले, "ते होय? मला वाटलं वाळलेला खांब आहे." दुसरं म्हणजे वादळ. पण वादळ मोडून टाकतं, ते कळतं तरी. मोडलेली फांदी जमिनीला टेकली तर मूळही धरते. खरा घात करतं ते खारं पाणी. मोठ्या भरतीचं पाणी दगडाच्या भोकांतून खालून वर येतं. झाड वरून हिरवंगार दिसतं आणि आतून मुळं कुजत असतात. आठ-दहा महिन्यांनी, कधी वर्षानं एक दिवस ते आडवं होतं, आणि आपण म्हणतो, काल तर ठीक होतं.

चपट्या पानांच्या दुसऱ्या एका निवडुंगाला एका पतंगानं धरलेलं. हा पतंग माणसांनीच मुद्दाम वेगळ्या देशांत सोडलेला, नको असलेले निवडुंग संपवायला. त्यानं तिथलं काम केलं आणि मग बेटाबेटांवरून इकडे आला. त्याची मादी अंडी एकावर एक अशी रचते की काडी दिसावी हुबेहूब काट्यासारखी. हजार काट्यांतून तो एक खोटा काटा शोधून चिमट्यानं काढायचा, हे माझं दर सोमवारचं काम होतं. आणि त्यात मी पटाईत होतो, सांगायला लाज कशाला. कॅरल भिंग लावून बघायची, मी नुसत्या डोळ्यांनी. ही नजर अकोल्याची. तिथं आम्ही बोंड हातात घेऊन वाण सांगायचो आणि आमचे सर मान डोलवायचे. पुढे या नजरेनंच माझा घात केला, म्हणून आधी तिची फुशारकी मारून घेतो.

चोरांचंही एक सांगायला हवं. निवडुंग जमवणाऱ्या लोकांची एक वेगळीच जात असते. एकदा एक सभ्य, मऊ बोलणारा म्हातारा आला. हातात फोटोंचा अल्बम. त्याच्या घरच्या काचघरातले निवडुंग एखाद्या नातवंडासारखे त्यानं मला दाखवले. मग म्हणाला, एक तुकडा द्या. मी नाही म्हटलं. तो रागावला नाही. अल्बम मिटला आणि म्हणाला, "तुमच्याकडे नंबर आहेत. माझ्याकडे झाडं आहेत." मी तेव्हा मनातल्या मनात हसलो होतो. कारण आमच्या धंद्यात नंबर हेच झाड असतं.

हे जरा उलगडून सांगतो. रानातल्या प्रत्येक मोठ्या झाडाला आम्ही एक नंबर देतो. त्याची फांदी कापून आणली की तिलाही तोच नंबर, पत्र्याच्या पातळ पट्टीवर कोरून, तारेनं बांधून. कारण या बेटावरचं झाड आणि त्या बेटावरचं झाड दिसायला जुळी भावंडं, पण आतून वेगळी असू शकतात. एखादं थोडं जास्त मीठ सोसेल, एखादं लवकर फुलेल. उद्या एक बेट बुडालं तर तिथला वंश उंच जागी पुन्हा लावायचा, तर तो कुठला हे माहीत हवं. नंबर हरवलेलं झाड कितीही सुंदर वाढलं तरी या कामाला निरुपयोगी. नियम असा, की फांदी झाडावरून कापायच्या आधी तिला पट्टी बांधायची, कापल्यावर नाही. आणि कधी शंका आली तर पट्टीवर लिहायचं, "अज्ञात." अज्ञात झाडं आधी बाजूला ठेवतात, मग जागेची ओढाताण झाली की कंपोस्टात जातात.

रानातल्या नंबराच्या झाडांपैकी एक एकटं उभं होतं. इतर झाडं दुसऱ्या एका बेटावर घोळक्यानं होती, सगळ्यांना मिळून एकच नंबर; हे मात्र एका लहान बेटाच्या मधोमध, आजूबाजूला स्वजातीचं कोणी नाही. खूप जुनं. जिथं कळ्या येतात तिथं त्याच्या फांद्यांना पांढरे केस यायचे, कापसाच्या पेळूसारखे. घोळक्यातल्या झाडांना तसे केस नव्हते. मी त्याला म्हातारी म्हणायचो. कॅरलनं अर्थ विचारला आणि मग तीही "मटारी" म्हणू लागली. कागदपत्रांत तिच्या बेटापुढे लिहिलेलं असायचं, "झाडांची संख्या एक."

२००५च्या शरद ऋतूतल्या वादळात समुद्र बेटांवर चढला. म्हातारी उभी राहिली, पण दोन दिवस तिच्या बुंध्याशी खारं पाणी होतं. पुढे काय होणार ते कॅरलला कळलं. तिनं म्हातारीच्या, आणि जोडीला घोळक्याच्याही, फांद्या घ्यायच्या परवानगीसाठी अर्ज केला. सरकारी काम इथंही सरकारीच असतं. परवाना वसंत ऋतूत आला, आणि त्यात वीतभर लांबीचे बाजूचे कोवळे फुटवे तेवढे घ्यायची मुभा होती, केस असलेला जुना भाग नाही. त्या आठवड्यात कॅरलचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. ती म्हणाली, "विलास, तू जा. तुझ्यावर सोडते."

हँक नावाचा जुना कोळी आम्हाला नावेतून न्यायचा. दोन्ही बेटं एका दिवसात करायची होती. घोळक्याच्या बेटावर चोवीस फांद्या घेतल्या, तिथंच वेळ गेला. म्हातारीकडे पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती आणि हँक किनाऱ्यावरून ओरडत होता, की अर्ध्या तासात निघालो नाही तर नाव गाळात बसेल. डास असे की तोंड उघडायची सोय नाही. मी पट्ट्या, तार, पकड सगळं पिशवीतच ठेवलं. भराभर बारा फांद्या कापल्या, कागदी पिशव्यांत घातल्या आणि पिशव्यांवर मार्करनं नंबर लिहिले. खरं तर आधीच्या चोवीसही मी तशाच घेतल्या होत्या. उद्यानात परतल्यावर निवांत बांधू, असा विचार. प्लॅस्टिकमध्ये निवडुंग घामेजतो आणि कुजतो, म्हणून कागद. कागद बरोबरच होता.

परतीच्या वाटेवर वारा सुटला. दोन लाटा नावेत आल्या. उद्यानात पोचून खोकं उघडलं तर आत कागदाचा लगदा आणि छत्तीस फांद्या एकत्र. शाई फुटून सगळ्यावर निळे डाग.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोपवाटिकेत मी एकटाच होतो. सावलीतल्या जाळीवर त्या छत्तीस फांद्या मांडल्या. कापलेल्या जागी कोरडी साल धरेपर्यंत आठ-दहा दिवस त्या तशाच ठेवायच्या असतात. मी समोर उभा राहून बघत होतो. छत्तीस पट्ट्यांवर "अज्ञात" लिहायला दहा मिनिटं लागली असती. माझा हात चालेना. एक तर कॅरलनं विश्वासानं पाठवलेलं. आणि दुसरं, आमच्या शिक्षणात "माहीत नाही" हे उत्तरच नव्हतं. तोंडी परीक्षेत तसं म्हणणाऱ्याला सर खाली बसवायचे. मी तर नजरेवर नाव कमावलेला माणूस. म्हातारीला मी दोन वर्षं बघत होतो, तिची फांदी मला ओळखू येणार नाही?

मग मी ओळखल्या. काटे जास्त दाट, रंगाला किंचित निळसर, बुंध्याला जाड, अशा बारा फांद्या निवडल्या. बारा म्हणजे बाराच, वहीत आकडा होता ना. त्यांना म्हातारीचा नंबर कोरून बांधला, बाकीच्या चोवीस घोळक्याच्या. संध्याकाळपर्यंत माझी स्वतःचीच खात्री पटली होती, की मी अंदाजपंचे काही केलेलं नाही, ओळखलं आहे. माणूस किती लवकर स्वतःवर विश्वास ठेवतो, ते मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

त्याच उन्हाळ्यात म्हातारी पडली. हँकनं फोन करून सांगितलं. आम्ही गेलो तोवर आतून भुसा झाला होता, एकही तुकडा घेण्याजोगा नव्हता. येताना नावेत कॅरल म्हणाली, "बरं झालं, तू वेळेत गेलास." मी पाण्याकडे बघत राहिलो. तेव्हाच बोललो असतो तर छत्तीसच्या छत्तीस कुंड्या जपून ठेवल्या असत्या. तेवढी एक संधी होती, ती मी घालवली.

बारातल्या सात फांद्या रुजल्या. कॅरलनं त्या सात कुंड्या दारासमोरच्या बाकावर मांडल्या. पाहुणे आले की ती त्यांना तिथं न्यायची, आणि मला हाक मारायची, की यानं वाचवल्या. घोळक्याच्या नंबराच्या एकोणीस रुजल्या. एवढी जागा नव्हती. कॅरल म्हणाली, दहा पुरे, उरलेल्या नऊ काढ. तिथली झाडं अजून रानात उभी आहेत. कुठल्या काढायच्या ते तिनं माझ्यावर सोडलं. मी धट्ट्याकट्ट्या दहा ठेवल्या. खुरटलेल्या, फिकट, वाढायला कुरकुर करणाऱ्या नऊ उपटून कंपोस्टाच्या ढिगात टाकल्या. आता विचार केला की वाटतं, खारं पाणी प्यायलेल्या म्हाताऱ्या झाडाच्या फांद्या खुरटलेल्याच असणार, दुसऱ्या कशा असतील? तेव्हा हा विचार मला शिवला नाही. शेतीतली सवय, अशक्त रोप विरळून टाकायचं.

२००७च्या पावसाळ्यात सातांतली चार रोपं आम्ही एका उंच बेटावर नेऊन लावली. म्हातारीचा वंश तिथं वाढावा म्हणून ती जागा निवडलेली. कॅरल गुडघा धरून खडकावर बसली होती आणि लावून झाल्यावर तिनं सगळ्यांना संत्री वाटली. मी नारळ नेला होता, तो फोडला. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून हँक म्हणाला, "विलास, आज तू फार गप्प." मी म्हटलं, ऊन लागलं.

२००८च्या वसंतात बाकावरच्या तीन कुंड्यांपैकी एकीला पहिली कळी धरली. सकाळी पाणी घालताना दिसली. कळीच्या भोवती एकही पांढरा केस नव्हता. मी वाकून बघितलं, कॅरलचं भिंग आणून बघितलं. मग इकडे-तिकडे पाहिलं आणि ती कळी नखानं खुडली. खिशात टाकली. सात वर्षांत मी त्या बागेतलं पानसुद्धा कोणाला दिलं नव्हतं.

आठवड्यानं दुसऱ्या कुंडीला दोन कळ्या आल्या. केस नाहीत. त्या संध्याकाळी मी शुभदाला सगळं सांगितलं, पिशव्यांपासून. ती भाजी चिरत होती, तिनं सुरी खाली ठेवली.

"म्हणजे तू लेबलं गेस केलीस?"

"गेस नाही गं. मला खरंच वाटलं होतं."

"विलास, अरे, तुमचा पूर्ण डेटा करप्ट आहे आणि त्यावर ते लोक डिसिजन घेतायत. त्या नऊ कुंड्या तू फेकल्यास त्यापण ह्याच डेटावर ना?"

नऊ कुंड्यांचा विचार मी तोवर केलाच नव्हता. मी कळ्यांपाशीच अडकलो होतो. मी तिथंच खुर्चीत बसलो. तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, "आमच्याकडे बग सापडला की कोणाचा आहे ते नंतर बघतात, आधी रिपोर्ट करतात. उद्या जाऊन सांग. कळी खुडलीस तेही सांग. अर्धं सांगू नकोस, यार, मग दुसऱ्यांदा सांगावं लागेल."

दुसऱ्या दिवशी कॅरलच्या खोलीत उभा राहून सांगितलं. कळीचंही. कळी तिच्या टेबलावर ठेवली, वाळून गेलेली.  सांगून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "अज्ञात का नाही लिहिलंस?"

"मला वाटलं, मला माहीत आहे."

"मलाही वाटलं असतं," ती म्हणाली. "म्हणून तर नियम केला आहे."

ती रागावली असती, तर मला सोपं गेलं असतं. मी राजीनाम्याचं बोललो, तर म्हणाली, नळाला वायसर बसवायचा राहिलाय, तो बसव. मग तिनं म्हातारीचं एक जुनं दाबून वाळवलेलं फूल कपाटातून काढलं, त्याला अजून केस चिकटलेले होते. त्यातलं चिमूटभर, आणि उरलेल्या तेरा कुंड्यांतून नखाएवढा तुकडा, आणि उंच बेटावरच्या चारांतून तेवढाच, असं सगळं पाकिटांत घालून तिनं वंश तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेकडे पाठवलं. यावेळी पाकिटावर नंबर आधी लिहिला आणि मग तुकडा आत घातला. माझ्यासमोर, मुद्दाम नव्हे, सवयीनं.

उत्तर यायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत मी इतका आशावादी झालो, की सांगता सोय नाही. घोळक्याच्या दहांत एक तरी म्हातारीची निघेल. एक पुरे होती. एका फांदीपासून पुन्हा दहा करता येतात. मी त्या दहा कुंड्यांभोवती घिरट्या घालायचो. देवाला काही मागायची सवय मोडली होती, ती पुन्हा लागली. मंडळात त्या वर्षी आरतीला मी पुढे उभा होतो, लोकांना वाटलं, विलासराव भाविक झाले.

कागद आला तेव्हा कॅरलनं तो आधी मला वाचायला दिला. सतराही घोळक्यातल्या. म्हातारीची एकही नाही. तिच्या बारा फांद्यांपैकी ज्या रुजल्या नाहीत त्या नाहीत, आणि ज्या रुजल्या त्या मी माझ्या हातानं कंपोस्टात टाकल्या. त्या ढिगाचं खत तोवर बागेतल्या गुलाबांना घालूनही झालं होतं.

शुभदाच्या कंपनीनं तिला टेक्सासला हलवलं होतं. तिथल्या फ्रिस्को गावात घर घेतलेलं, सामान बांधायला घेतलेलं. माझा शेवटचा आठवडा. कॅरलनं म्हातारीचा वार्षिक तक्ता माझ्यापुढे सरकवला. रानातल्या प्रत्येक झाडाचा असा तक्ता दरवर्षी भरून सरकारकडे जातो. बेटावरची संख्या, तिथं मी शून्य लिहिलं. जिवंत रोपं, तिथंही शून्य. त्याखाली नाशाच्या कारणांचे छापील चौकोन होते: समुद्र, वादळ, कीड, बांधकाम, चोरी. समुद्र आणि वादळावर खूण केली, झाड त्यांनीच मारलं होतं. शेवटी "इतर" असा एक चौकोन आणि पुढे एक ओळ.

मी कॅरलकडे पाहिलं. ती म्हणाली, "ओळ लहान आहे. बारीक अक्षरात लिही."

मी लिहिलं, "फांद्यांना कापण्याआधी पट्ट्या बांधल्या नाहीत. नंतर नजरेच्या अंदाजानं नंबर दिले आणि जादा समजून खरी रोपं टाकून दिली." खाली नाव घातलं, विलास टेकाडे. इंग्रजीत लिहिताना ते फार सोपं वाक्य झालं.

कॅरलनं चष्मा लावून वाचलं, खाली सही केली आणि उठून त्याची एक प्रत काढली. प्रत हातात धरून ती जरा घुटमळली. म्हणाली, "रोपवाटिकेत नवीन माणूस आला, की पहिल्या दिवशी मी त्याला नियम वाचायला देते. नियम कोणी वाचत नाही. हे वाचतील. तुझी हरकत नसेल तर देत जाईन. नाव खोडते."

मी म्हटलं, "नाव राहू दे."